पॅरिसच्या रसिकांनी झिडकारलेले प्रहसन

‘नाटक पडले’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. परंतु पडलेल्या नाटकांचा इतिहास आपल्याकडे सहसा कोणी लिहीत नाही, आणि इतर देशांतही तो फारसा लिहिला जात नाही. यशस्वी कलाकृतीला चरित्रकार पुष्कळ मिळतात. अपयशी कृतीच्या वाट्याला एखादी ओळ येते. वस्तुतः एखाद्या समाजाचे मन ओळखायचे असेल, तर त्याने कशाला टाळ्या दिल्या यापेक्षा तो कशावर संतापला हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. टाळी वाजवताना प्रेक्षक आपल्या ठरलेल्या आवडीला मान देत असतो. तो चिडतो, तेव्हा मात्र त्याच्या मनातील कोणती जागा दुखावली गेली हे उघड होते. असा एक पडलेला खेळ आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे. तो रंगभूमीवरचा नाही, पडद्यावरचा आहे. पण त्याचे मूळ एका जुन्या फ्रेंच नाटकात आहे. ज्याँ रेन्वा यांचा ‘ला रेग्ल द्यु झ्यू’, म्हणजे ‘खेळाचा नियम’, हा बोलपट ७ जुलै १९३९ रोजी पॅरिसमध्ये प्रथम दाखवला गेला आणि त्याच रात्री पडला.

रेन्वा त्या वेळी काही नवखे दिग्दर्शक नव्हते. सुप्रसिद्ध चित्रकार ऑग्यूस्त रेन्वा यांचे हे चिरंजीव १८९४ साली जन्मले, पहिल्या महायुद्धात लढले आणि पायाला झालेल्या जखमेमुळे जन्मभर किंचित लंगडत चालले. १९३७ सालच्या ‘ला ग्रांद इल्युझियाँ’ या त्यांच्या युद्धकैद्यांवरील चित्रपटाने त्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली होती. झोलाच्या कादंबरीवरून त्यांनी केलेला १९३८ सालचा ‘ला बेत युमेन’ हाही लोकांनी उचलून धरला होता. या यशाच्या भरात त्यांनी काही सहकाऱ्यांसह स्वतःची निर्मिती कंपनी काढली आणि पहिलेच मोठे काम म्हणून एक प्रहसन करावयास घेतले. खर्चाचा अंदाज पंचवीस लाख फ्रँकचा होता. पावसाने चित्रीकरण खोळंबले, मुक्काम लांबले आणि खर्च जवळजवळ दुप्पट झाला. तथापि गंभीर चित्रपटांनी नाव मिळवलेला हा माणूस आता आपल्याला हसवणार आहे, अशी पॅरिसची समजूत होती. ही समजूत लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे जे घडले त्याचे बीज तिच्यात आहे.

रेन्वा यांनी आधार घेतला तो आल्फ्रेद द म्युसे या कवी-नाटककाराच्या ‘मारिआनच्या लहरी’ या नाटकाचा. या नाटकाचे नशीबही मोठे विलक्षण. १८३० साली म्युसेचे ‘व्हेनिसची रात्र’ हे नाटक पॅरिसच्या ओदेऑं रंगगृहात प्रेक्षकांनी हुर्यो करून बंद पाडले होते. विशीतल्या त्या कवीला ते इतके लागले, की यापुढे आपली नाटके घरी आरामखुर्चीत बसून वाचण्यासाठीच लिहायची असे त्याने ठरवले. ‘मारिआनच्या लहरी’ १८३३ साली मासिकात छापून आले आणि रंगभूमीवर यायला त्याला १८५१ साल उजाडावे लागले. थोडक्यात, एका पडलेल्या नाटकाने दुखावलेल्या लेखकाने प्रेक्षकांना टाळून लिहिलेली ही कृती होती. पुढे तिच्यावरून केलेला चित्रपटही पडावा, हा योगायोगच म्हटला पाहिजे.

म्युसेच्या नाटकाचे कथानक साधे आहे. नेपल्स शहरातील सेलिओ हा लाजाळू तरुण एका न्यायाधीशाच्या पत्नीवर, मारिआनवर, प्रेम करतो. स्वतः बोलण्याचे धैर्य नसल्याने तो ऑक्ताव्ह या आपल्या छंदीफंदी मित्राला मध्यस्थ करतो. मारिआनचे मन मात्र मध्यस्थावरच बसते. ती ऑक्ताव्हला भेटीस बोलावते. मित्रप्रेमाने ऑक्ताव्ह स्वतः न जाता सेलिओला पाठवतो. आणि नवऱ्याने दबा धरून बसवलेले मारेकरी सेलिओचा बळी घेतात. आपल्या मित्राने आपल्याला फसवले, अशा समजुतीतच तो मरतो.

रेन्वा यांनी नाटक जसेच्या तसे घेतले नाही. त्यांनी सांगाडा ठेवला, रक्तमांस आपल्या काळाचे भरले. नेपल्सच्या जागी फ्रान्सच्या सोलोन्य प्रांतातील जमीनदाराचा वाडा आला. न्यायाधीशाच्या जागी यांत्रिक वाद्ये आणि बोलक्या बाहुल्या जमवणारा एक मार्की आला. सेलिओच्या जागी अटलांटिक महासागर विमानाने ओलांडून आलेला आंद्रे हा वीर आला. मार्कीची पत्नी क्रिस्तीन विमानतळावर आपल्या स्वागताला आली नाही, म्हणून हा वीर आकाशवाणीच्या ध्वनिक्षेपकासमोर साऱ्या देशाला ऐकू जाईल असा रुसून बसतो! ऑक्ताव्ह हे नाव मात्र तेच राहिले, आणि ती भूमिका स्वतः रेन्वा यांनी केली. मालकांच्या प्रेमप्रकरणांना समांतर अशी नोकरांची प्रकरणेही त्यांनी जोडली: क्रिस्तीनची दासी लिझेत, तिचा नवरा शूमाकर हा रानाचा राखणदार, आणि तिच्या मागे लागलेला मार्सो हा चोरटा शिकारी. शेवटच्या रात्री अंगावरच्या कपड्यांनी घोटाळा होतो. क्रिस्तीनने लिझेतचा डगला पांघरला आहे, आंद्रेने ऑक्ताव्हचा कोट घातला आहे. राखणदाराला वाटते की आपली बायको ऑक्ताव्हला भेटते आहे. तो गोळी झाडतो आणि आंद्रे मरतो. सेलिओच्या मरणाचेच हे दुसरे रूप.

पहिल्या खेळाला शाँझेलिझेवरील कोलिझे चित्रगृहात जमलेला प्रेक्षक पॅरिसमधील प्रतिष्ठित वर्गातला होता. आरंभी देशगौरवाचा एक माहितीपट दाखवण्यात आला. मग रेन्वांचे प्रहसन सुरू झाले आणि थोड्याच वेळात शिट्ट्या, आरडाओरडा यांनी चित्रगृह दुमदुमले. एका गृहस्थाने वर्तमानपत्र उलगडून त्याला काडी लावल्याचे आपण पाहिले, असे रेन्वांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. वर्तमानपत्रांतील टीकाकार मात्र एकमुखाने विरोधात गेले नव्हते, हे सांगणे न्यायाचे होईल. काहींनी रचनेतील कौशल्य मान्य केले. तक्रार होती ती गोंधळाची. हा फार्स समजायचा, सामाजिक टीका समजायची की शोकान्तिका, हेच कळत नाही, असा सूर अनेकांचा होता. चित्रगृहातील संताप आणि वर्तमानपत्रांतील गोंधळ या दोन भिन्न गोष्टी होत. नंतरच्या काळात त्यांची सरमिसळ होऊन ‘साऱ्या पॅरिसने एकजात शिव्या दिल्या’ अशी आख्यायिका तयार झाली. इतिहास लिहिताना ती बाजूला ठेवली पाहिजे.

आता प्रश्न असा, की प्रेक्षक इतके चिडले का? आमच्या मते याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण प्रहसनाच्या स्वरूपातच आहे. प्रहसन पाहायला येणारा प्रेक्षक लेखकाशी एक अलिखित करार करून येतो. तू हवे तेवढे गैरसमज घाल, पण शेवटी ते सोडव, हा तो करार. फ्रेंच प्रहसनाची ही रीत आपल्याही परिचयाची आहे. मोलिएरचे एक प्रहसन इंग्रजीच्या वाटेने देवलांपर्यंत आले आणि त्यातून ‘संशयकल्लोळ’ झाले. त्यातील तसबिरीचा घोटाळा कितीही वाढला तरी तो सुटणार आहे, याविषयी प्रेक्षक निश्चिंत असतो, आणि या निश्चिंतपणामुळेच तो मनमोकळा हसू शकतो. रेन्वांनी हा करार मोडला. त्यांच्या वाड्यात राखणदार पिस्तूल घेऊन चोरट्या शिकाऱ्याचा पाठलाग करतो, गोळ्या सुटतात, आणि पाहुण्यांना वाटते की हाही करमणुकीचाच एक भाग आहे. प्रेक्षकही हसतो. मग त्याच बंदुकीच्या खेळातून एक खरोखरीचा मुडदा पडतो. म्हणजे हसणाराला आपल्या हसण्याची लाज वाटावी, अशी ही योजना. त्याआधी शिकारीचा एक मोठा प्रसंग येतो. हाकारे झाडांवर काठ्या आपटत रान उठवतात आणि ससे व पक्षी एकामागून एक टिपले जातात. त्यातील एका सशाची शेवटची तडफड कॅमेरा स्वस्थपणे पाहत राहतो. त्या प्रसंगात हसण्याजोगे काहीच नाही. तिकीट प्रहसनाचे काढले आणि दाखवले हे, असे प्रेक्षकाला वाटले तर त्याला सर्वस्वी दोष देता येणार नाही.

दुसरे कारण याहून खोल आहे. चित्रपटाच्या आरंभी रेन्वांनी बोमार्शेच्या ‘फिगारोचे लग्न’ या नाटकातील काही ओळी दाखवल्या होत्या. त्या नाटकाचा इतिहास येथे आठवण्यासारखा आहे. सोळाव्या लुईने त्यावर बंदी घातली होती. अखेरीस २७ एप्रिल १७८४ रोजी ते रंगभूमीवर आले आणि प्रचंड गाजले. त्यात सरदारवर्गाची जी फजिती होती ती पाहून प्रेक्षागृहातील सरदारच मोठ्याने हसले. त्यानंतर पाचच वर्षांनी राज्यक्रांती झाली. मग १७८४ च्या उमरावांना जे जमले ते १९३९ च्या श्रीमंतांना का जमू नये? याचे उत्तर असे, की बोमार्शेने प्रेक्षकाला बसायला एक जागा दिली होती. सरदार लंपट असला तरी त्याचा नोकर फिगारो हुशार, हजरजबाबी आणि मनाने निर्मळ आहे. त्याच्या बाजूला उभे राहून कोणालाही हसता येते. रेन्वांनी ही जागाच ठेवली नाही. मालक पोकळ, तर नोकर त्यांची नक्कल करणारे. वीर म्हणावा तर तो पोरकट. ज्याच्यावर अन्याय झाला तो राखणदार, तर त्याच्याच हातून खून होतो. आणि कोणी दुष्टही नाही. ज्याच्या त्याच्या वागण्याला ज्याची त्याची कारणे असतात आणि हीच खरी भयंकर गोष्ट आहे, अशा अर्थाचे उद्गार ऑक्ताव्ह काढतो. खलपुरुष असता तर प्रेक्षकाने त्याच्यावर राग काढला असता. तो नव्हता, म्हणून राग चित्रपटावर निघाला.

तिसरे कारण काळाचे. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिचचा करार झाला होता आणि त्या तडजोडीने युद्ध टळले असे फ्रान्समध्ये अनेकांनी स्वतःला समजावले होते. चित्रपटाच्या शेवटी आंद्रेचे प्रेत पडल्यावर मार्की पायऱ्यांवर उभा राहून पाहुण्यांना सांगतो, की राखणदाराला चोर असल्याचा भास झाला, त्याने कर्तव्य म्हणून गोळी झाडली, हा एक शोचनीय अपघात आहे. सारे जण ते ऐकून घेतात आणि आत निघून जातात. एका खुनावर सभ्य शब्दांचे पांघरूण घालण्याचे हे दृश्य जुलै १९३९ मध्ये ज्यांनी पाहिले, त्यांना त्यात नुकतेच घडून गेलेले काही आठवले नसेल असे आम्हांला वाटत नाही. त्यानंतर दोन महिने पुरे होण्याच्या आत, ३ सप्टेंबरला, फ्रान्स युद्धात उतरला.

यात एका हिडीस गोष्टीची भर पडली. मार्कीची भूमिका करणारे मार्सेल दालिओ ज्यू होते आणि क्रिस्तीन झालेल्या नोरा ग्रेगॉर या ऑस्ट्रियन होत्या; हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर त्या आपल्या पतीसह देश सोडून आल्या होत्या. फ्रेंच उमराव म्हणून ज्यू नट आणि त्याची पत्नी म्हणून परकी स्त्री, हे उजव्या गटाच्या लोकांना सहन झाले नाही. रेन्वा स्वतः डाव्या आघाडीच्या चळवळीत वावरलेले, म्हणून त्यांच्यावरचा राग होताच. गंमत अशी, की रेन्वांनी या पूर्वग्रहालाही चित्रपटात स्थान दिले होते. स्वयंपाकघरात जेवायला बसलेले नोकर मालकाच्या ज्यू आजोळाविषयी कुजबुजतात, तेव्हा आचारी त्यांना बटाट्याच्या कोशिंबिरीची गोष्ट सांगतो. बटाटे उकळते गरम असतानाच त्यांवर वाइन ओतली पाहिजे, हे मालकाने चाखताक्षणी ओळखले, म्हणून तो खरा खानदानी! पुढे जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर याच दालिओंचे छायाचित्र ‘ज्यू कसा ओळखावा’ हे दाखवण्यासाठी भित्तिपत्रकांवर लावण्यात आले. तोवर ते देश सोडून गेले होते. शिट्ट्या वाजवणारे सारेच ज्यूद्वेष्टे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या गोंगाटात तो स्वरही होता, हे विसरता येत नाही.

खेळ पडल्यावर रेन्वांनी कात्री हाती घेतली. पहिल्या रात्री चित्रपट सुमारे ९४ मिनिटांचा होता. पुढील दिवसांत त्यातून आणखी दहा-बारा मिनिटे गेली. लोक जेथे ओरडत तेथे कापायचे, असा क्रम चालला. सर्वांत जास्त कापले गेले ते ऑक्ताव्हचे, म्हणजे रेन्वांचे स्वतःचे काम. येथे पुन्हा बोमार्शेची आठवण होते. त्याचे ‘सेव्हिलचा न्हावी’ हे नाटक २३ फेब्रुवारी १७७५ रोजी पाच अंकांत झाले आणि साफ पडले. त्याने तीन दिवसांत एक अंक कमी केला आणि चार अंकी नाटकाने पॅरिस जिंकले. मग रेन्वांना तोच उपाय का लागू पडला नाही? कारण बोमार्शेच्या नाटकाचे दुखणे लांबीचे होते. रेन्वांच्या चित्रपटाला ते दुखणेच नव्हते. ऑक्ताव्ह हा मालक आणि नोकर, प्रियकर आणि पती या सर्वांमध्ये ये-जा करणारा एकमेव दुवा. तोच तुटल्यावर ज्यांना आधी चित्रपट गोंधळाचा वाटला होता, त्यांना तो अधिकच गोंधळाचा वाटला असणार. प्रेक्षकाला राग आला ही गोष्ट खरी असते. पण रागाची जागा म्हणून तो ज्या दृश्याकडे बोट दाखवतो, तेथेच रागाचे कारण असते असे नाही.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९३९ मध्ये युद्धकालीन सरकारने निरुत्साह पसरवणारा आणि तरुणांवर अनिष्ट परिणाम करणारा म्हणून चित्रपटावर बंदी घातली. जर्मन अमदानीतही तो बंदच राहिला. मूळ निगेटिव्ह पॅरिसलगतच्या बुलोन्य येथील प्रयोगशाळेत होती; ती युद्धकाळात बाँबहल्ल्यात नष्ट झाली. युद्धानंतर कापलेली प्रत चित्रपटमंडळांतून फिरू लागली. १९५६ साली दोन तरुण चित्रपटप्रेमींनी हक्क मिळवले आणि सापडलेल्या शेकडो डब्यांतील तुकडे रेन्वांच्या सल्ल्याने जुळवत १०६ मिनिटांचा चित्रपट उभा केला. एक लहानसा प्रसंग सोडला तर सारे परत आले. १९५९ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला गेला, तेव्हा रेन्वा पासष्टीच्या उंबरठ्यावर होते. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने जगातील समीक्षकांचा जो दशवार्षिक कौल घेतला, त्यात या चित्रपटाला १९६२ साली तिसरे आणि १९७२, १९८२ व १९९२ साली दुसरे स्थान मिळाले.

या इतिहासावरून दोन सोपे निष्कर्ष काढले जातात. आम्हांला ते दोन्ही अपुरे वाटतात. पहिला निष्कर्ष असा, की १९३९ चा प्रेक्षक मूर्ख होता. परंतु हा प्रेक्षक चित्रपट न कळल्यामुळे चिडला असे दिसत नाही. तो कळला, निदान आपल्याविषयी आहे एवढे कळले, म्हणून तो चिडला. जे आपल्याला लागू पडत नाही त्यावर माणसे जांभया देतात, वर्तमानपत्रे पेटवीत नाहीत. दुसरा निष्कर्ष असा, की त्या प्रेक्षकाने मुळात दुसराच चित्रपट पाहिला. १०६ मिनिटांचा पाहिला असता तर त्याने डोक्यावर घेतला असता. यात थोडे तथ्य आहे. पण ‘साइट अँड साउंड’च्या पहिल्याच कौलात, १९५२ साली, हा चित्रपट दहावा आला होता, आणि त्या वेळी लोकांसमोर होती ती कापलेली प्रतच. म्हणजे डबे सापडण्यापूर्वीच मत पालटले होते. मधल्या तेरा वर्षांत चित्रपट सुधारला नव्हता. पाहणारे लोक एका महायुद्धातून, पराभवातून आणि परक्यांच्या सत्तेतून बाहेर पडले होते. जे १९३९ मध्ये अपमानासारखे वाटले, ते आता साक्षीसारखे वाटू लागले. आणि हा कौलही अखेरचा नाही. २०२२ साली त्याच यादीत चित्रपट तेराव्या स्थानी गेला. काळाचा निर्णय म्हणून ज्याला आपण मान तुकवतो, तोही त्या त्या काळच्या प्रेक्षकांचाच निर्णय असतो.

प्रेक्षकांच्या रागाची किंमत मात्र कलावंताला आजच द्यावी लागते. रेन्वांची कंपनी बुडाली. चित्रपटाचा धंदा सोडावा किंवा देश सोडावा, असे त्यांच्या मनाने घेतले. १९४० साली ते अमेरिकेस निघाले आणि फ्रान्समध्ये पुन्हा चित्रपट करावयास त्यांना १९५४ साल लागले. या वनवासाचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. रूमर गॉडन यांच्या कादंबरीवरून ‘द रिव्हर’ हा चित्रपट करण्यासाठी ते १९४९ साली कलकत्त्यास आले. हुगळीकाठच्या जागा शोधताना त्यांच्याबरोबर जाहिरातीच्या कचेरीत काम करणारा एक तरुण हिंडत असे. तो तरुण म्हणजे सत्यजित राय. त्या चित्रपटाच्या कामात बन्सी चंद्रगुप्त होते आणि चित्रीकरण पाहायला सुब्रत मित्र येत. हे दोघेही पुढे ‘पथेर पांचाली’त रायांचे सहकारी झाले. पॅरिसने जे गमावले त्यातील थोडे बंगालच्या पदरात पडले. पण म्हणून पॅरिसच्या त्या रात्रीचे आभार मानावेत, असे आम्हांला वाटत नाही. चौदा वर्षांत रेन्वांनी आपल्या भाषेत, आपल्या माणसांविषयी जे चित्रपट केले असते, ते कोणत्याही डब्यात सापडणार नाहीत.

प्रेक्षकाने रागावू नये, असे आमचे म्हणणे नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला नापसंतीचा हक्क आहे, आणि दर पडलेल्या नाटकामागे एक गाडले गेलेले रत्न असते हा भ्रमही बाळगू नये. बहुतेक पडलेली नाटके पडायच्याच लायकीची असतात. मागणे एवढेच, की हुर्यो करण्यापूर्वी प्रेक्षकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: मला हे वाईट वाटले, की मला हे लागले? कोलिझे चित्रगृहातील त्या गृहस्थाने खिशातून काडी काढण्यापूर्वी हा प्रश्न विचारला असता, तर कदाचित त्याचे उत्तर त्याला आवडले नसते. पण ते वर्तमानपत्र त्याने घडी घालून परत खिशात ठेवले असते, आणि चित्रपट शेवटपर्यंत पाहिला असता.